तालुक्याच्या मैदानावरचा चढाईपटू व्यावसायिक कबड्डीसाठी कसा पारखावा

दिवाळी उलटली की सांगली जिल्ह्यात गावोगावी कबड्डीची मैदाने सुरू होतात आणि यात्रांचा हंगाम संपेपर्यंत ती चालू राहतात. वाळवा, पलूस, तासगाव, कवठेमहांकाळ, कुठेही जा, प्रत्येक स्पर्धेत एखादा मुलगा असा निघतो की त्याच्या प्रत्येक चढाईला ध्वनिक्षेपकावरून शंभर-दोनशे रुपयांची बक्षिसे पुकारली जातात आणि अंतिम सामना संपताच मंडळाचे लोक विचारू लागतात, की हा पोरगा प्रो कबड्डीत खेळेल का. बारा वर्षे गुणलेखकाच्या टेबलावर बसून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि त्याचे उत्तर घाईने दिले तर एखाद्या घरातली दोन-तीन वर्षे कशी वाया जातात, हेही पाहिले आहे. म्हणून ज्यांच्यावर असा निर्णय घेण्याची वेळ येते, त्या प्रशिक्षकांसाठी, मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी आणि खेळाडूंच्या थोरल्या भावांसाठी मुलगा कसा पाहावा ते येथे लिहीत आहे.

लहान मैदानावरून मोठा खेळाडू घडतो, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. कासेगावचा काशिलिंग आडके 2014 साली प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामात दबंग दिल्लीकडून खेळला. आपल्याच जिल्ह्यातला नितीन मदने त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत इराणला 27-25 असे हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातून आलेला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडून पहिला हंगाम खेळला आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख रुपये मोजले. तेव्हा मुलगा कोणत्या गावचा आहे याला महत्त्व नाही. त्याचे गुण कोणासमोर आणि कोणत्या स्थितीत आले, याला आहे. गुणपत्रिकेत नेमके तेवढेच लिहिलेले नसते.

म्हणून पहिले काम हे, की मंडळाच्या गुणपत्रिकेवर विसंबू नये आणि स्वतःची वही करावी. एका चढाईला एक ओळ ठेवावी. त्या ओळीत चढाई सुरू झाली तेव्हा समोर किती गडी होते, मुलगा डावीकडून गेला की उजवीकडून, गुण टचचा (गड्याला स्पर्श करून मिळवलेला) होता की बोनसचा (बोनस रेषा ओलांडून मिळवलेला), पकड झाली असल्यास ती कोणी व कशी केली आणि चढाई साधारण किती सेकंद चालली, एवढे लिहावे. या सगळ्यांत समोरच्या गड्यांचा आकडा सर्वांत मोलाचा आहे. सहा किंवा सात गडी उभे असताना दोन्ही कोपरे, म्हणजे टोकांचे बचावपटू, जागेवर असतात, मधल्या जोड्या हात धरून साखळी करून असतात आणि चढाईपटूला आत जाण्याइतकेच बाहेर येणेही अवघड असते. बोनसही समोर किमान सहा गडी असतील तेव्हाच मिळतो. तीन गडी उरले की साखळी तुटते आणि साधारण वेगाचा मुलगाही हात लावून परत येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलाने एका सामन्यात 20 चढायांत 14 गुण मिळवले. वही उघडल्यावर दिसते की त्यातल्या 9 चढाया समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असताना झाल्या आणि 14 पैकी 11 गुण तिथूनच आले. उरलेल्या 11 चढायांत 3 गुण, 4 पकडी आणि 4 चढाया रिकाम्या. दुसऱ्या मुलाचे त्याच सामन्यात 16 चढायांत 7 गुण आहेत, पण त्यातले 6 समोर सहा-सात गडी असताना आले आणि त्याची पकड फक्त दोनदा झाली. बक्षीस पहिल्याला मिळते आणि मिळायलाही हवे, कारण सामना त्याने जिंकून दिला. पण व्यावसायिक संघाकडे पाठवण्याजोगा मुलगा दुसरा आहे. तिथे तीन गड्यांसमोरही सोपे गुण मिळत नाहीत, कारण तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीला दोन गुण असतात आणि बचावपटू त्याच संधीची वाट पाहत उभे असतात.

हे मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका मुलाची मी मनापासून शिफारस केली होती. त्या हंगामात त्याने आसपासच्या पाच मैदानांवर सर्वोत्कृष्ट चढाईपटूचे बक्षीस घेतले होते आणि माझ्याकडे त्याच्या एकूण गुणांचा आकडा तोंडपाठ होता. निवड चाचणीत पहिल्या चार चढायांत त्याची तीनदा पकड झाली आणि तिन्ही वेळा ती एकाच उजव्या कोपऱ्याने घोट्यात केली. घरी येऊन जुन्या गुणपत्रिका काढल्या, तेव्हा लक्षात आले की त्याच्या मंडळाची बचावफळी तालुक्यात सर्वांत भक्कम होती. ती समोरच्यांना पटापट बाद करी, लोण चढायच्या, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद होण्याच्या, बेतात असे आणि हा मुलगा उरलेल्या दोन-तीन गड्यांवर चढाई करी. त्याचा दोष काहीच नव्हता. पाहायचे ते मी पाहिले नव्हते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आणणे त्याच्या सोबत्यांच्या हाती असते. बचाव चांगला असेल तर तो लगेच आत येतो आणि वीस-पंचवीस चढाया करतो, तर दुबळ्या संघातला तितकाच चांगला मुलगा अर्धा सामना बाहेर बसून काढतो आणि त्याच्या नावावर आठ चढाया लागतात. म्हणून दोन मुलांची तुलना करताना एकूण गुण बाजूला ठेवावेत आणि एका चढाईमागे किती गुण, किती चढायांमागे एक पकड, हे काढावे. दुबळ्या संघातल्या मुलाला पाहायला मुद्दाम जावे. त्याचा संघ पहिल्याच फेरीत हरतो आणि दुसऱ्या दिवशी तो मैदानावर नसतो, म्हणून अशी मुले नजरेतून सुटतात.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. मैदानावर सगळ्यांची नजर चढाईपटूच्या हाताकडे असते, तुमची त्याच्या पायांकडे असावी. गेल्या हिवाळ्यात पलूस भागातल्या एका मैदानावर रात्री अकराच्या सुमारास, दव पडून माती जड झालेली असताना, मी एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची एकच चढाई अगदी जवळून पाहिली. तो डाव्या बाजूने गेला, निदानरेषा (चढाईपटूने ओलांडायचीच असते ती रेषा) ओलांडली आणि कोपऱ्यापासून हातभर अंतरावर थांबला. कोपऱ्याने घोट्यासाठी पुढे झेप घेण्याआधी उजवा खांदा किंचित खाली टाकला, तेवढ्यात या मुलाने पुढच्या पायावरचे वजन मागच्या पायावर घेतले आणि पुढचा पाय नुसता मातीला टेकवून ठेवला. कोपऱ्याचे हात त्या पायापर्यंत आले, पाय तिथून उचलला गेला आणि परतताना त्याच पायाचा चवडा कोपऱ्याच्या दंडाला लागला. गुण एकच होता आणि टाळ्याही फारशा पडल्या नाहीत. पण वजन कोणत्या पायावर ठेवायचे हे ज्याला समोरच्याचा खांदा पाहून कळते, तो मुलगा पुढच्या पातळीवर टिकण्याची शक्यता मी सर्वांत जास्त धरतो. वेग सरावाने थोडाफार वाढतो, ताकद वाढते, ही नजर मात्र वयाच्या अठराव्या वर्षी नसेल तर नंतर फार उशिरा येते.

पायांनंतर पकडी पाहाव्यात. गुणांपेक्षा पकडी अधिक सांगतात. एकच पकड पुन्हा पुन्हा होत असेल, उदाहरणार्थ दर वेळी घोटा सापडत असेल किंवा बोनस घेऊन वळताना मधला गडी डॅश मारून बाहेर ढकलत असेल, तर मुलाच्या चालीत एक ठरावीक खोट आहे आणि व्यावसायिक संघ चित्रफिती पाहून ती दोन दिवसांत शोधून काढेल. पकड झाल्यावर तो काय करतो तेही लिहावे. काही मुले हात लागताच अंग सोडून देतात. काही मात्र दोन गडी अंगावर घेऊन मध्यरेषेकडे बोटभर सरकत राहतात आणि दम सोडत नाहीत. परदीप नरवालची डुबकी पाहून आज प्रत्येक गावात मुले साखळीखालून वाकून निघतात. आपल्याकडची साखळी उभी राहून अडवते, म्हणून ती निघूनही जातात. जिथे साखळी आधीच गुडघ्यात वाकून थांबलेली असते, तिथे केवळ डुबकीवर जगणाऱ्या मुलाजवळ दुसरा मार्ग उरत नाही. त्यामुळे मुलाजवळ सुटण्याचे किमान दोन वेगळे मार्ग आहेत का, हे पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

मैदान मोजून घ्यावे, हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण ते वगळू नये. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून निदानरेषा 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा त्याच्या पुढे 1 मीटरवर असते. देवळापुढच्या पटांगणात जागेप्रमाणे आखलेले मैदान कित्येकदा अर्धा-पाऊण मीटर कमी भरते आणि तेवढ्याने लांब हाताच्या मुलाचा टच सोपा होतो, परतीचे अंतर घटते. खिशात टेप ठेवावी. एक चढाई तीस सेकंदांत संपवण्याचा नियमही गावात सैलपणे पाळला जातो, म्हणून चढाईची वेळ आपल्या घड्याळावर घ्यावी. जो मुलगा नेहमी चाळीस सेकंदांनी गुण घेतो, त्याचे ते गुण व्यावसायिक सामन्यांच्या मॅटवर नाहीत असे धरावे.

मातीवरून मॅटवर जाणे हा खरा बदल आहे. मातीवर अनवाणी पायाची बोटे रुततात आणि मध्यरेषेकडे सूर मारला की अंग घसरत पुढे जाते. मॅटवर बूट पकड घेतात, वळण अधिक झटक्यात होते, पण अंग तितके घसरत नाही आणि सगळा ताण गुडघ्यावर येतो. मुलाला पाठवण्यापूर्वी निदान महिनाभर मॅटवर खेळवून पाहावे आणि ते शक्य नसेल तर मत राखून ठेवावे.

वजनाची गोष्ट याहून नाजूक आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा 55 किंवा 65 किलोच्या वजनी गटात होतात आणि त्या गटात दोघांनी धरले तरी फरफटत निघून येणारा मुलगा सर्वांना अजिंक्य वाटतो. वरिष्ठ पुरुष गटाची मर्यादा 85 किलो आहे. तिथे त्याला धरणारे हात वेगळ्या वजनाचे असतात. म्हणून वजनी गटात चमकलेल्या मुलाला खुल्या गटात, मोठ्या गड्यांसमोर, दोन-तीन सामने खेळताना पाहिलेच पाहिजे. त्याची चपळाई तिथेही चालली तर उत्तम, केवळ जोरावरचे गुण तिथे उरत नाहीत. मात्र वजन कमी आहे म्हणून त्याला दोन महिन्यांत दहा किलो वाढवायला सांगू नये. कणाकणाने वाढलेले वजन पायात राहते, घाईने वाढवलेले पोटावर बसते आणि गुडघे बिघडवते.

दोन चढाया सलग रिकाम्या गेल्यावर येणारी तिसरी चढाई, जिला मैदानावर सगळे थर्ड रेडच म्हणतात, ती वहीत वेगळ्या शाईने लिहावी. तिच्यात गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो, आणि समोरचे ते जाणून असतात. अशा दहा-बारा चढाया हाताशी आल्याशिवाय मुलाच्या धीराविषयी काही बोलू नये. एका रात्री जमलेली एक चढाई पुरेशी नसते.

चौकशी करायची तर त्याच्या विरुद्ध खेळलेल्या कोपऱ्यांकडे करावी. मंडळाचे लोक आपल्या मुलाचे कौतुकच करतील आणि ते स्वाभाविक आहे. पण ज्याने त्याला तीनदा धरले आणि दोनदा सोडले, तो कोपरा सामन्यानंतर चहा पिताना अगदी नेमके सांगतो, की हा उजव्या पायावरच वळतो किंवा दम संपत आला की आधी मान वळवून मागे पाहतो. घरच्यांना गुडघ्याविषयी स्पष्ट विचारावे. लिगामेंटची दुखापत लपवून खेळणारी मुले मी पाहिली आहेत आणि ती घरातल्या अडचणीपोटी लपवतात, म्हणून विचारणाऱ्याने आवाज चढवू नये.

एवढे सगळे पाहून मुलगा पारखून निघाला तर त्याचे चित्रीकरण करावे. मोबाईल बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे, ट्रॉलीवर किंवा ओट्यावर उंच ठेवावा, म्हणजे मुलाचे पाय आणि साखळीची जागा दोन्ही दिसतात. निवडक चढायांची फीत पाठवू नये, दोन सामने सलग पाठवावेत आणि त्यात एक हरलेला असावा. जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद स्पर्धा, 2022 पासून सुरू झालेली युवा कबड्डी सिरीज आणि संघांच्या खुल्या चाचण्या, या वाटांनी मुले वर जातात. नवोदित तरुणांना संघ लिलावाबाहेरही करारबद्ध करतात आणि दबंग दिल्लीकडे नवीन कुमार 2018 मध्ये असाच आला होता. संघात घेतो म्हणून आगाऊ पैसे मागणारी माणसे आमच्याही भागात येऊन गेली आणि एका घराने त्यांच्यासाठी म्हैस विकली. चाचणीसाठी पैसे मागितले की तिथेच बोलणे थांबवावे.

आणि मुलगा अजून तयार नसेल तर त्याला तसे तोंडावर, पण वही उघडून सांगावे. तू कमी पडतोस असे म्हणू नये. सात गड्यांसमोर तुझ्या 30 चढायांत 11 पकडी आहेत, त्यातल्या 8 डाव्या घोट्याच्या आहेत, हे बोट ठेवून दाखवावे, वहीचे ते पान त्याला फाडून द्यावे आणि पुढच्या यात्रेच्या मैदानावर त्याच कोपऱ्यासमोर त्याला पुन्हा पाहायला जावे.