किकस्टार्टरवरच्या गॅजेटला पैसे देण्याआधी नमुना कसा तपासावा

किकस्टार्टर म्हणजे नवी वस्तू बनवण्यासाठी लोकांकडून आधीच पैसे जमवण्याचं संकेतस्थळ; तिथल्या अशा प्रत्येक आवाहनाला मोहीम म्हणतात. खातं कसं उघडायचं, कार्ड कसं जोडायचं हे सांगत बसत नाही. फक्त बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 2020 पासून नव्या कार्डांवर ते बंदच असतात. मोहिमेचं उद्दिष्ट मुदतीत पूर्ण झालं तरच पैसे कापले जातात. आणि ही खरेदी नव्हे. आपण दुकान नाही, हे किकस्टार्टरने 2012 मध्येच जाहीर केलं आहे.

खरी कसोटी नमुना, म्हणजे निर्मात्याने बनवलेली वस्तूची पहिली प्रत, खरंच चालतो का हे ओळखण्याची. मला हीच पायरी सर्वांत जड गेली. ‘व्हिडिओ पाहून विश्वास वाटला तर पैसे द्या’ असा सल्ला जागोजागी मिळतो. तो साफ चुकीचा आहे. विश्वास वाटावा म्हणूनच तर व्हिडिओ बनवलेला असतो! तो आवाज बंद करून पाहा. वस्तू एकाच सलग दृश्यात, मध्ये कुठेही न कापता, काम करताना दिसते का? बटण दाबलं, दृश्य बदललं आणि थेट निकाल दाखवला, तर मधला भाग अजून बनलेलाच नाही असं धरून चाला. 2015 मध्ये लेझरने दाढी करणाऱ्या स्कार्प रेझरसाठी लोकांनी 40 लाख डॉलरपर्यंत रक्कम कबूल केली होती. चालता नमुना नसल्याने किकस्टार्टरनेच मोहीम थांबवली.

झानो ड्रोनच्या वेळी असं कोणी थांबवलं नाही. वेल्समधल्या कंपनीने तळहातावर मावणाऱ्या त्या ड्रोनसाठी 12,000 हून अधिक लोकांकडून सुमारे 23 लाख पौंड जमवले आणि नोव्हेंबर 2015 मध्ये ती बुडाली. ड्रोन मोजक्याच लोकांना मिळाले. तेही धड उडत नव्हते.

नमुना चालतो म्हणजे काम झालं, असंही समजू नका. टेबलावर हाताने जोडलेली एक वस्तू आणि कारखान्यातून निघणाऱ्या हजारो वस्तू यांत मोठी दरी आहे. प्लॅस्टिकच्या भागांसाठी पोलादी साचे लागतात. ते महाग असतात आणि एक चूक दुरुस्त करण्यात आठवडे जातात. म्हणून निर्मात्याला थेट विचारा: साचा तयार आहे का? कारखाना ठरला आहे का? याआधी काय बनवून विकलं आहे? गोलमोल उत्तर आलं तर पैसे देऊ नका. किकस्टार्टरवर पैसे जमवलेल्या पेबल या स्मार्ट घड्याळाच्या टीमने आधी ब्लॅकबेरी फोनसाठीचं घड्याळ बनवून विकलं होतं. तरीही पेबल देण्याचा सप्टेंबर 2012 चा वायदा जानेवारी 2013 वर गेला. मग पहिलंच उत्पादन चार महिन्यांत घरपोच देतो म्हणणाऱ्याकडे मी वळूनही पाहत नाही.

किंमतही तपासा. 2014 मध्ये कूलेस्ट कूलरने ब्लेंडर बसवलेल्या बर्फपेटीसाठी 1 कोटी 32 लाख डॉलर उभे केले. पण पेटी बनवण्याचा खर्च कबूल केलेल्या किमतीत बसेना. 2019 मध्ये कंपनी बंद झाली तेव्हा सुमारे 20,000 लोकांच्या हाती काहीच आलेलं नव्हतं. बाजारातल्या तशाच वस्तूच्या निम्म्या भावाचं आमिष दिसलं की हे आठवा.

वस्तू भारतात मागवत असाल तर पाठवणीखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी आधीच हिशेबात धरा. ड्रोनच्या मोहिमेला तर हातच लावू नका. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे.