चपला घालता घालता

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की आमच्या खानापुरात चपला घालता घालताच कुणाचं तरी नाव निघतं. त्यात मीही असायची. चर्चमधली एक बहीण प्रीतिभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाच्या, भाकऱ्या करायला आली नाही, तर "टाळलंन तिनं" असं मी चौघींना सांगितलं. तिची आई बेळगावला दवाखान्यात होती. मंगळवारी तिच्या दारात गेले, तर तिनं काही न बोलता पाट पुढे सरकवला. माफीचा शब्द तोंडातून निघायला मला फार वेळ लागला.

तेव्हापासून कुणाचं नाव निघालं की मी विचारते, "तिच्याशी बोललीस का?" बायबलमधलं मत्तय 18:15 तेच सांगतं: ज्याचं चुकलं, आधी एकांतात त्याच्याकडे जा. बोलली नसेल, तर विषय तिथंच थांबवा. समोरचीला जरा राग येईल, येऊ द्या.

कुरकुर मात्र जास्त चिवट. पाऊस, चुकलेली बस, सून. ती नुसती गिळू नका. स्तोत्र 142 मध्ये दावीद राजा आपलं गाऱ्हाणं देवापुढेच मांडतो. मी सकाळी चहा ठेवताना मोठ्यानं मांडते, नावासकट, आणि मग त्याच माणसासाठी प्रार्थना करते. पहिले काही दिवस शब्द घशात अडकतात. अडकले तरी म्हणा.

घरात मारहाण होत असेल, तर ते सांगणं चहाडी नव्हे. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगा, पोलिसांनाही सांगा.