फ्रेशमन की सिनियर? कॉलेज बास्केटबॉलमध्ये मिनिटं वाटताना या चुका टाळा

मॅच ४० मिनिटांची, कोर्टवर एका वेळी ५ जण, म्हणजे कोचच्या हातात एकूण २०० मिनिटं. बेंचवर बारा-तेरा पोरं, प्रत्येकाला वाटतं आपल्याला ३० तरी मिळायला हवीत आणि प्रत्येकाच्या आईबापाला वाटतं ३५. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधली निम्मी भांडणं या वाटणीवरूनच होतात, आणि त्यातलं सगळ्यात जुनं भांडण म्हणजे चार वर्षं घाम गाळलेला सिनियर खेळवायचा की आत्ताच शाळेतून आलेलं, उडी मारली की कोपर रिंगला लागेल असं अठरा वर्षांचं पोरगं, म्हणजे पहिल्या वर्षाचा फ्रेशमन.

मी मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत मास्टर्स करताना दोन सीझन टीमचा स्टुडंट मॅनेजर होतो. नाव भारी वाटतं पण काम काय, तर टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, शूटिंग चालू असताना बॉल गोळा करून परत द्यायचे आणि रात्री बसून व्हिडिओ कापायचे. आता पुण्यात बसून मॅचेस बघतो, फायनल इथे मंगळवारी सकाळी चहा-पोह्यांच्या वेळेला येते, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तेच, "अरे त्या पोराला खेळवत का नाही, कोच येडा आहे का!" कधीकधी कोच खरंच येडा असतो, नाही असं नाही. पण कुठे चुकतंय ते नीट बघू.

चूक पहिली: अनुभव म्हणजे कॅलेंडर

ही सगळ्यात मोठी, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

आमच्याकडे नियम साधा होता. समोरच्याने स्क्रीन लावली (म्हणजे बॉलवाल्यासाठी आपल्या माणसाच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहिला) की आपल्या उंच माणसाने एक पाऊल बाहेर येऊन बॉलवाल्याला अडवायचं, आणि मग जिवाच्या आकांताने पळत आपल्या माणसाकडे परत. आमचा सेंटर, म्हणजे तो उंच माणूस, सिनियर होता, चौथं वर्ष, टीमचा कॅप्टन, स्वभावाने अगदी सोन्यासारखा. त्याच्या मागे एक फ्रेशमन होता, हात एवढे लांब की लॉकर रूममध्ये त्याला सगळे चिडवायचे. कोचचं म्हणणं ठरलेलं, लहानगा अजून चुका करतो, मोठ्याला सगळं माहितीये. जानेवारीत असिस्टंट कोचने मला दोघांच्या डिफेन्सच्या चुका वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला सांगितल्या. फ्रेशमनच्या फोल्डरमध्ये जास्त क्लिप्स निघाल्या, ते अपेक्षितच होतं. पण सिनियरच्या फोल्डरमध्ये ११ क्लिप्स होत्या आणि अकराच्या अकरा एकच, स्क्रीन लागली की हा बाहेर यायचाच नाही, मागेच थांबायचा, आणि बॉलवाला आरामात शॉट मारायचा. चार वर्षं. फ्रेशमनच्या चुका मात्र बदलत होत्या. नोव्हेंबरमधली चूक जानेवारीत नव्हती, तिच्या जागी दुसरीच आली होती.

कोच चार वर्षं रोज एका माणसाला बघत असतो, त्याला त्या चुकीची सवय होऊन जाते, घरातल्या गळक्या नळासारखी. नव्या माणसाची चूक मात्र लगेच टोचते. म्हणून तपासायचं असेल तर चुका किती यापेक्षा तीच चूक कितव्यांदा होतेय ते मोजा.

आणि आता तर कॅलेंडरचा हिशोब अजूनच बिघडलाय. कोविडमुळे २०२०-२१ चा सीझन कोणाच्याच खात्यात धरला नाही, त्यामुळे पुढची काही वर्षं पाचव्या-सहाव्या वर्षाची पोरं खेळत होती. त्यात २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचंय त्याने नाव टाकायची यादी) आलं आणि २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलताना एक वर्ष बाहेर बसायची गरज उरली नाही. म्हणजे पाचव्या वर्षाचा खेळाडू उन्हाळ्यात नव्या कॉलेजात येतो, वयाने सगळ्यात मोठा, पण तुमच्या डिफेन्समधलं त्याला ओ की ठो माहीत नाही, तुमचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा त्याला शिकवतोय. इथे अनुभवी कोण? दोघंही, पण वेगवेगळ्या गोष्टीत. मोठा दबावात घाबरत नाही, छोट्याला कुठे उभं राहायचं ते माहितीये.

पॉइंट्स बघून टॅलेंट ठरवणं

आपण टीव्हीवर बॉल बघतो. कोच बॉल नसलेली बाजू बघतो. समजा बॉल उजव्या कोपऱ्यात आहे आणि आपलं टॅलेंटेड पोरगं डाव्या बाजूला गार्ड करतंय, त्याने अशा वेळी दोन पावलं आत, बास्केटकडे सरकलेलं असायला हवं आणि मान अशी हवी की बॉल आणि आपला माणूस दोन्ही दिसले पाहिजेत. फ्रेशमन काय करतो, बॉलकडे बघत बसतो, शाळेत त्याला कोणी यावरून बोललेलंच नसतं कारण तिथे तो शेवटच्या क्षणी उडी मारून ब्लॉक करायचा. तेवढ्यात त्याचा माणूस पाठीमागून कापून आत, पास, लेअप (बास्केटजवळून सोपा शॉट). स्कोअरशीटवर या पोराच्या नावापुढे काहीच लागत नाही! दोन पॉइंट गेले ते कोणाच्या तरी दुसऱ्याच्या नावावर, आणि घरी बसलेल्या माणसाला वाटतं १२ पॉइंट काढणाऱ्याला उगाच बसवलं.

यावर धीराचा इलाज केलेलं माझं आवडतं उदाहरण म्हणजे व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर. तिथले तेव्हाचे कोच टोनी बेनेट यांचा डिफेन्स शिकायला अवघड, सगळे आत गोळा होऊन उभे राहतात आणि एक जण जरी चुकला तर भोक पडतं. हंटर २०१६-१७ चं पूर्ण वर्ष रेडशर्ट, म्हणजे टीमबरोबर प्रॅक्टिस करायची पण मॅच खेळायची नाही, त्या बदल्यात खेळायच्या चार वर्षांतलं एकही वर्ष कापलं जात नाही. पुढच्या वर्षी बेंचवरून सहावा माणूस. मार्च २०१८ मध्ये त्याचं मनगट मोडलं, तो नव्हता आणि व्हर्जिनिया यूएमबीसीकडून ७४-५४ हरली, पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये पहिल्या मानांकनाची टीम सोळाव्याकडून हरायची ती पहिलीच वेळ, लोकांनी काय काय जोक केले ते विचारू नका. २०१९ च्या फायनलमध्ये त्याच हंटरने टेक्सस टेकविरुद्ध २७ पॉइंट काढले, टीम चॅम्पियन, आणि तो एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, चौथा गेला.

पण हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही हेही सांगतो. २००६ च्या ड्राफ्टपासून एनबीएमध्ये यायला १९ वर्षांचं असणं आणि अमेरिकन पोरांना शाळा संपून एक वर्ष होणं गरजेचं झालं, त्यामुळे सगळ्यात भारी पोरं एक वर्ष कॉलेजात येतात आणि जातात. ज्याच्याकडे एकच वर्ष आहे त्याला रेडशर्ट करून काय लोणचं घालायचंय? आणि जे एका वर्षात जाणारे नाहीत तेही आता पोर्टल असल्यामुळे तुमच्यासाठी थांबतीलच असं नाही. साउथ कॅरोलायनाच्या महिला टीमची मिलेसिया फुलवायली बघा, २०२४ मध्ये ३८-० ने चॅम्पियन झालेल्या टीमची फ्रेशमन, बेंचवरून येऊन मॅच फिरवायची, आणि २०२५ मध्ये ती एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेली. साउथ कॅरोलायनाच्या कोच डॉन स्टेली यांच्याकडे खेळाडू एवढ्या होत्या की त्यांना परवडलं, सगळ्यांना परवडेल असं नाही.

स्टार्टिंग फाइव्हवरून रडारड

सुरुवात कोण करतं यापेक्षा शेवट कोण करतं ते बघा. २०२३ मध्ये यूकॉनकडे (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) डोनोव्हन क्लिंगन नावाचा ७ फूट २ इंचाचा फ्रेशमन होता. त्याच्या पुढे अडामा सानोगो, तिसऱ्या वर्षाचा. कोच डॅन हर्ली यांनी क्लिंगनला मॅचला साधारण १३ मिनिटं दिली, बास. सानोगो दमला की हा ताजातवाना आत, आणि समोरच्या सेंटरची अवस्था अशी की एक भूत गेलं आणि दुसरं आलं. यूकॉन जिंकली, सानोगो फायनल फोरचा (शेवटच्या चार टीमच्या टप्प्याचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढच्या वर्षी क्लिंगन स्टार्टर आणि पुन्हा चॅम्पियन. त्या १३ मिनिटांत क्लिंगनला कधी वाटलं नसेल का की मी बसतो कशाला? वाटलं असणारच. 

बेंचवरून येणं म्हणजे कमी असणं हे डोक्यातून काढा. २०१८ च्या फायनलमध्ये व्हिलानोव्हाच्या डाँटे डिव्हिन्चेंझोने बेंचवरून येऊन ३१ पॉइंट मारले.

एक चूक केली की लगेच बाहेर

हे तर डोळ्यांनी बघितलंय. पोरगं पास चुकवतं आणि बॉल बाहेर जायच्या आधीच त्याची मान बेंचकडे वळते, कोण उठतंय ते बघायला. ज्याची मान अशी वळायला लागली त्याच्याकडून टॅलेंट वगैरे विसरा, तो आता सेफ पास देणार आणि शॉट टाळणार.

यावर जमणारी एक सोपी युक्ती आहे. कॉलेजमध्ये पुरुषांच्या मॅचला प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं शिल्लक असताना, पुढचा खेळ थांबला की टीव्हीचा टाइम-आउट होतो. फ्रेशमनला आधीच सांगून ठेवायचं, पहिल्या हाफचा १२ ते ८ हा तुकडा तुझा, काही झालं तरी तुझा, दोनदा बॉल गमावलास तरी मी काढणार नाही. आणि त्या तुकड्यात त्याच्याबरोबर किमान दोन जुने ठेवायचे, त्यातला एक सतत बडबड करणारा हवा. तीन नवखे एकत्र सोडले तर कोणीच बोलत नाही, कोर्टवर स्मशानशांतता, आणि डिफेन्स बोलल्याशिवाय चालत नाही.

समोरची टीम मुद्दाम त्याच्याच अंगावर खेळायला लागली (लागतातच, दोन पझेशनमध्ये वास येतो त्यांना) तर त्याला बाहेर काढायच्या आधी समोरच्या सगळ्यात वाईट शूटरवर लावा, नाहीतर तेवढ्या दोन मिनिटांपुरता झोन खेळा, म्हणजे प्रत्येकाने माणूस नाही तर जागा राखायची.

जुन्यांच्या बाजूनेही एक अडचण असते, सिनियर दमला तरी सांगत नाही कारण एकदा बसलो की तो पोरगा जागा घेईल. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ यांनी यावर झकास तोडगा काढला होता. दमलास तर मूठ वर कर, मी बाहेर काढतो, आणि दम खाऊन झाला की तुझा तूच परत आत जायचं. खुर्ची जाणार नाही ही खात्री असल्यावर माणूस खरं बोलतो.

"फ्रेशमन होते म्हणून हरले"

हे वाक्य एप्रिल २०२५ मध्ये माझ्या ग्रुपवर किमान दहा वेळा आलं. ड्यूक विरुद्ध ह्युस्टन, फायनल फोर. ड्यूककडे कूपर फ्लॅग आणि अजून काही नवी पोरं, ह्युस्टनकडे कोच केल्विन सॅम्पसन यांचे मुरलेले गडी. शेवटच्या साधारण अर्ध्या मिनिटात ड्यूक ६ ने पुढे होती आणि ह्युस्टनने ९-० करून ७०-६७ ने मॅच नेली. लगेच निष्कर्ष, अनुभव नव्हता. अहो पण वन-अँड-वनचा पहिला फ्री थ्रो (हा चुकला की दुसरा मिळतच नाही) कोणी चुकवला? टायरीस प्रॉक्टरने, जो तिसऱ्या वर्षाचा होता. आणि अठरा वर्षांच्या फ्लॅगचे २७ पॉइंट होते. हो, शेवटी फाउलही त्याच्यावर लागला आणि शेवटचा मोठा शॉटही चुकला, पण एका मॅचवरून सरसकट नियम काढायचा असेल तर मग दहा वर्षं मागे जाऊ.

२०१५, तीच ड्यूक, समोर फ्रँक कॅमिन्स्कीची विस्कॉन्सिन, ज्यांनी नुकतंच ३८-० असलेल्या केंटकीला घरी पाठवलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये ड्यूक ९ ने मागे. कोच शशेफ्स्की यांनी कोणाला ठेवलं? ग्रेसन ॲलन, फ्रेशमन, सीझनभर मॅचला जेमतेम ९ मिनिटं मिळणारा. त्याने १६ काढले, टायस जोन्सने २३, आणि ड्यूकच्या ६८ पैकी ६० पॉइंट चार फ्रेशमन पोरांनी केले. तेव्हा ग्रुपवर कोणी अनुभवाचा अ काढला नव्हता.

शेवटच्या दोन मिनिटांत कोण हवा याचं उत्तर मी तरी असं बघतो: फ्री थ्रो कोण मारतं, प्रेसमध्ये (समोरचे कोर्टभर अंगावर येतात तेव्हा) बॉल कोणाच्या हातून सुटत नाही, आणि टाइम-आउटमध्ये सांगितलेलं कोणाला लक्षात राहतं. यात पहिल्या दोन गोष्टींना वय नाही. तिसरीला थोडं आहे.

जाता जाता एक गंमत. १९७२-७३ च्या सीझनआधी बरीच वर्षं पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य टीममधून खेळायची परवानगीच नव्हती. १९६५ मध्ये यूसीएलएच्या फ्रेशमन टीमने, ज्यात पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेला ल्यू अल्सिंडर होता, आपल्याच कॉलेजच्या चॅम्पियन टीमला ७५-६० हरवलं. आणि नंतर तो वर्षभर फ्रेशमन टीममधूनच खेळला, कारण नियम म्हणजे नियम.

आमच्या सेंटर्सचं काय झालं ते राहिलंच. ११ क्लिप्स कोचने बघितल्या, काही बोलला नाही. पण पुढच्या आठवड्यात फ्रेशमनला दोन्ही हाफमध्ये चार-चार मिनिटं ठरवून मिळायला लागली, आणि सिनियर स्टार्टरच राहिला, कॅप्टनही राहिला. फेब्रुवारीत एका मॅचला सिनियरचे चार फाउल झाले आणि शेवटची सहा मिनिटं फ्रेशमन आत. स्क्रीन लागली, तो बाहेर आला, बॉलवाल्याला अडवलं, पळत परत गेला, सगळं बरोबर. मग रिबाउंड घेतला आणि एवढा खूश झाला की बॉल खाली आणला, समोरच्या बुटक्या गार्डने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि लेअप मारला. रात्री मी ती क्लिप कापायला घेतली, फोल्डर उघडला आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. अशी आधी एकही नव्हती.