न्याय आणि कृपा: सुरुवात मत्तयापासून करा

ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला बसलेली बरीच मंडळी थेट प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, उघडतात. शिक्के, कर्णे, अग्नीचं सरोवर! आणि लवकरच दमतात. माझं ऐका, आधी मत्तय घ्या, म्हणजे मत्तयाने सांगितलेली येशूची कथा. अध्याय २० आणि २५, एकाच बैठकीत, मोठ्याने वाचा.

विसाव्यात येशू एक गोष्ट सांगतो: द्राक्षमळ्याचा मालक मजूर आणायला पहाटे बाजारात जातो, मग दिवसभर पुन्हापुन्हा, अगदी दिवस मावळायला तासभर उरला असतानाही. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी, तीही शेवटी आलेल्यांना आधी. आमच्या अभ्यासगटात हे वाचलं तेव्हा एका कंत्राटदाराचा मुलगा भडकलाच: "असं केलं तर उद्या नाक्यावर सकाळी सातला कोण उभं राहील?" प्रश्न रास्त आहे. पण मुंबईतल्या कुठल्याही नाक्यावर अकरा वाजता थापी-घमेलं घेऊन ताटकळणाऱ्याला विचारा. मळ्यातल्या शेवटच्या मजुरांचंच उत्तर येईल: आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. त्याच्याही घरी खाणारी तोंडं तेवढीच. त्या मुलाचा राग मात्र दाबू नका. गोष्टीतले पहाटेचे मजूरही अशीच कुरकुर करतात, आणि कृपेवरची खरी चर्चा त्या कुरकुरीपासून सुरू होते.

पंचविसाव्यात शेवटच्या न्यायाच्या वेळी माणसं मेंढरं आणि शेरडांसारखी वेगळी केली जातात. भुकेल्याला खायला दिलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का, अशी विचारणा होते. गंमत म्हणजे चकित दोन्हीकडचे होतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? पुण्याची वही सांभाळून बसलेला तिथे कोणीच नाही.

इतिहास पटकन उरकता येतो. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो म्हणणारा पेलागियस आणि कृपेशिवाय नाही म्हणणारा ऑगस्टीन यांचा वाद, पेलागियसची शिकवण नाकारणारी ४१८ ची कार्थेजची परिषद, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट वेगळे झाले तो १५१७ चा ल्यूथर, मग त्याला उत्तर देणारी कॅथलिकांची ट्रेंटची परिषद. परीक्षेला जाताना १९९९ विसरू नका. त्या वर्षी ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याच्या मूळ मुद्द्यांवर सहमतीची संयुक्त घोषणा केली. ते गाळलं की सोळाव्या शतकातलं भांडण जसंच्या तसं उत्तरपत्रिकेत उतरतं.

जोडीला रेव्हरंड टिळकांच्या कविता ठेवा. बाप्तिस्मा त्यांनी १८९५ साली मुंबईतच घेतला, पण कान अभंगावर तयार झालेला. अभंग ऐकत वाढलेल्यांना कृपा चटकन उमगते. अडतं ते न्यायाशी. अनेक जन्मांची सवय असलेल्या घरात 'एकदाच मरण, मग न्याय' हे बायबलातल्या इब्री पत्रातलं वचन (९:२७) गळी उतरत नाही. घाई करू नका, घरच्यांशी वाद घाला. आमच्याकडे तो गणपतीत सुरू झाला आणि फराळाच्या ताटावरही चालूच होता.