नागपुरातलं आईवडिलांचं घर विकण्याआधी कसं रिकामं करावं

मी न्यू जर्सीत राहते आणि आतापर्यंत नागपुरातली चार घरं रिकामी केली आहेत. आधी आईबाबांचं प्रतापनगरातलं, मग सासरचा महाल भागातल्या वाड्यातला हिस्सा, मग मामाचा फ्लॅट आणि गेल्या हिवाळ्यात टोरांटोच्या मावसभावासाठी मावशीचं मानेवाड्याचं घर. दर वेळी कोणीतरी मला एक व्हिडिओ पाठवतं. त्यात एक हसतमुख बाई तीन खोकी मांडते: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. शनिवार-रविवारात घर चकाचक. त्या बाईच्या आईने प्लॉट नियमित करायला भरलेल्या पैशांची, म्हणजे डिमांडची, पावती लोणच्याच्या बरणीखाली अंथरलेली नसते. आपल्या आयांनी अंथरलेली असते.

मृत्यूचे दाखले, वारसांची नावं, पॅन आणि भावंडांमध्ये कोणाला काय हे झालेलं आहे असं धरून चालते. झालं नसेल तर तिकीट काढू नका. भावाशी आलमारीसमोर उभं राहून भांडण्यापेक्षा फोनवर भांडणं स्वस्त पडतं.

कधी जावं

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. मुलांच्या सुट्ट्या बघून मे-जूनमध्ये येणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. पारा ४५ च्या वर, घर बंद असल्याने कूलरच्या ताट्या वाळून खडखडीत, आणि तुम्ही माळ्यावर. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा हॉटेल हवं असेल तर तारखा बघून घ्या. तीन आठवडे लागतात. दोन आठवड्यांत होतं म्हणणाऱ्याने घर रिकामं केलेलं नसतं, कुलूप लावलेलं असतं.

वीज आणि पाणी शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवा. रात्री मात्र त्या घरात झोपू नका, चुलत बहिणीकडे जा. रात्री दहाला अल्बम उघडला की दुसरा दिवस गेलाच म्हणून समजा.

कागद

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं घर मजुरांना सांगून चार दिवसांत रिकामं होतं. कागद मात्र तुम्हालाच वाचावे लागतात, आणि मी पहिल्या घरात इथेच तोंडावर आपटले.

आई गेल्यावर मी आले, आणि सगळे सांगतात तसं आधी "पसारा कमी करायला" घेतला. रद्दीवाल्याला पहिल्याच सकाळी बोलावलं. वर्तमानपत्रं, बाबांच्या ऑफिसची मासिकं, खोलीभर दिवाळी अंक. दोन तासांत भिंत दिसायला लागली आणि मी स्वतःवर खूश. नवव्या दिवशी वकिलांनी प्लॉटच्या लीज डीडची, म्हणजे भाडेपट्ट्याच्या कराराची, मूळ प्रत मागितली. फाइलमध्ये झेरॉक्स होती. मूळ प्रत कुठे? तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ती घडी पडू नये म्हणून तुझे बाबा दिवाळी अंकात ठेवायचे ना!" मी रद्दीवाल्याकडे धावले. तो बिचारा म्हणाला, "तो माल तं कवाचाच गेला ना ताई. आता कुठं भेटते."

मग पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, प्रतिज्ञापत्र, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल. नक्कल मिळते, पण गिऱ्हाईक कर्ज काढून घर घेणार असेल तर त्याच्या बँकेचा वकील मूळ कागदच मागतो. पहिलं गिऱ्हाईक निघून गेलं. दुसऱ्याने याच कारणावरून भाव पाडला. पाच महिने आणि विमानाचं आणखी एक तिकीट. रद्दीचे किती पैसे आले होते ते मी कोणाला सांगत नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: पहिला आठवडा घरातून काहीही बाहेर जात नाही. वर्तमानपत्राचा चिटोरासुद्धा नाही. बाई झाडायला आली तरी कचरा तुमच्यासमोर टोपलीत पडला पाहिजे. एक खोली मोकळी करा, मधोमध पलंग किंवा सतरंजी, आणि घरातला प्रत्येक कागद तिथे आणा. पुस्तक किंवा अंक पाठीकडून धरायचा, पानं खाली, आणि झटकायचा. प्रत्येक. कंटाळा येतो, हात दुखतात, धुळीने शिंका येतात. तरी प्रत्येक.

शोधायचं कुठे? फाइलींमध्ये तर आहेच, पण फाइलींमधलं कोणालाही सापडतं. माझ्या चार घरांत महत्त्वाचे कागद मिळाले ते असे: पैठणीच्या घडीत, गादीखाली, देवघराच्या खणात, शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये, प्रेशर कुकरच्या रिकाम्या खोक्यात, भिंतीवरच्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्याआड. आलमाऱ्यांच्या कप्प्यांत अंथरलेला कागद उचला. तांदळाच्या कोठीत हात कोपरापर्यंत घाला.

आणि ओळखायचं काय? नागपुरात आधी जमीन कोणती ते कळलं पाहिजे. नागपूर सुधार प्रन्यासचा भाडेपट्ट्याचा प्लॉट असेल तर लीज डीड, नूतनीकरणाचे कागद आणि भूभाडं भरल्याच्या पावत्या. खासगी ले-आऊटमधला, नंतर नियमित झालेला प्लॉट असेल तर डिमांड नोट (पैसे भरा म्हणून आलेलं मागणीपत्र), ती भरल्याची पावती आणि आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र. परदेशात वाढलेल्या भाच्याला आरएल म्हणजे काय ते माहीत नसतं. मानेवाड्याला आमच्या भाच्याने ते पत्र "जुनं पत्र" म्हणून टाकायच्या ढिगात ठेवलं होतं. नशीब, ढीग घरातच होता. जुन्या वस्तीत आखीव पत्रिका (मालकाचं नाव असलेला सरकारी उतारा), आणि तीवर अजून आजोबांचंच नाव असेल तर दचकू नका, पण नाव बदलायला लागेल तेवढा वेळ जास्त धरा. शिवाय मंजूर नकाशा, मालमत्ता कराच्या पावत्या, मृत्युपत्र आणि हक्कसोडपत्र.

१९५० ते १९५६ मधल्या मुद्रांकावर मध्यप्रदेशाचा शिक्का दिसेल. बरोबर आहे, तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होतं. आमच्या महालातल्या गाठोड्यात दोन कागद मोडी लिपीतले निघाले. वाचता येत नाही म्हणून असला कागद फेकायचा नाही, मोडी वाचणारा शोधायचा.

आता पैशाचे कागद. इंदिरा विकास पत्रावर नाव नसतं. ज्याच्या हातात, त्याचं. हरवलं तर नोट हरवल्यासारखंच, नक्कल मिळत नाही. हे पत्र १९८६ साली सुरू झालं आणि १९९९ मध्ये बंद, म्हणजे आपल्या आईबाबांच्या कमाईच्याच वर्षांत. कागदी शेअर सर्टिफिकेट फाडू नका. सात वर्षं लाभांश कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या निधीकडे जातात, पण वारसाला मागता येतात. दहा वर्षं न हललेली बँक ठेवही रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि तीही मिळते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं "उद्गम" पोर्टल आहे, आईचं नाव टाकून बघा.

नोटाही सापडतील. मावशीच्या डाळीच्या डब्यात २००० च्या सात निघाल्या. त्या नागपुरातच, संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत जमा करता येतात. २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या मात्र आठवण म्हणून दहापर्यंतच ठेवा. त्याहून जास्त बाळगणं कायद्याने गुन्हा आहे, आणि हे माहीत नसलेले कितीतरी लोक ती पुडकी बॅगेत भरून विमानात बसतात.

अजून एक ढीग आहे जो सगळे फेकतात: बांधकामाची बिलं. २००१ च्या आधीची गेली तरी चालतील, कारण जुन्या घराची किंमत कराच्या हिशेबात १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाने धरता येते आणि ती मूल्यांकनकार काढून देतो. पण त्यानंतर वरचा मजला चढवला असेल तर तो खर्च नफ्यातून वजा होतो, बिल असेल तर. बाबांनी २००६ मध्ये वरच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. सिमेंट-लोखंडाची बिलं कुठे होती विचारू नका. तीही रद्दीत.

सोबत एकच माणूस घ्या, मराठी वाचणारा आणि घरचा इतिहास माहीत असलेला. माझ्याकडे आत्या होती. तिला दिसत कमी होतं, पण मी नाव वाचलं की ती सांगायची, "हा तुझ्या आजोबांचा भाडेकरू. ठेव तो कागद."

आठव्या दिवशी सगळं स्कॅन करा, मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. मग बोलवा रद्दीवाल्याला.

देव

सल्ला देणारे इथे एकदम गप्प होतात. माझं मत स्पष्ट आहे: टाक आणि मूर्ती मोडीत घालायच्या नाहीत. आधी घरच्यांत विचारा. चुलत घराण्यातलं कोणीतरी कुळाचार चालवत असतं, टाक तिथे आनंदाने जातात. फ्रेममधले देव चौकातल्या पिंपळाखाली ठेवून रात्री पळून जाऊ नका, फुटाळा तलावात तर अजिबात टाकू नका. काच आणि चौकट वेगळी काढा, चित्रं गुरुजींना विचारून मार्गी लावा. आणि जुनी मूर्ती अमेरिकेला नेणार असाल तर ऐका: १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरातन वस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखित पोथीसाठी ही मर्यादा ७५ वर्षं. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व विभागाकडून दाखला घ्या, विमानतळावर वाद घालू नका.

भांडी, फर्निचर, बाकी सगळं

गंज, गुंड, परात यांच्यावर कोरलेली नावं वाचा. आमच्याकडे तीन भांडी शेजारच्यांची निघाली, एक तर १९७८ च्या कोणाच्या तरी लग्नातलं. ती परत करा, उरलेलं पितळ-तांबं इतवारीत वजनावर जातं. सागवानी पलंग आणि आलमाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, सुताराला दाखवा. कपडे धुऊन द्या. पुस्तकं देण्याआधी वाचनालयाला फोन करा, खोकी दारात टाकून येऊ नका. कूलर लोखंडाच्या भावात.

विक्री

पुन्हा यायचं नसेल तर मुखत्यारपत्र करा. अमेरिकेत नोटरी आणि राज्याचं अपोस्टिल (नोटरीची सही खरी असल्याचा दाखला), किंवा भारतीय वकिलातीत. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे सगळे विसरतात.

तुम्ही अनिवासी असाल तर गिऱ्हाइकाला तुमच्या रकमेतून कर कापावा लागतो. निवासी विक्रेत्यासारखा १ टक्का नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि आयकर विभागाचं कमी कपातीचं प्रमाणपत्र नसेल तर गिऱ्हाईक तो पूर्ण किमतीवर कापतं. म्हणून सौदा ठरला की आधी सीएकडे, मग रजिस्ट्रीला. "थोडं रोख घ्या ना मॅडम" म्हणणाऱ्याला दार दाखवा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड. पैसे एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या, खात्यात येतात, तिथून आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, आणि तेव्हा बँक वारसाहक्काचा पुरावा मागते. तो तुमच्या लॉकरमध्ये असेल, पहिल्या आठवड्यात नीट वाचलं असेल तर.

किल्ल्या देण्याआधी विजेच्या मीटरचा फोटो काढा, पाण्याचं शेवटचं बिल भरा आणि शेजारच्या काकूंना गिऱ्हाइकाचा नंबर देऊन ठेवा. आईच्या नावाची पत्रं अजून वर्षभर येत राहतात.