नवीन हॅमस्टर घाबरलाय? पहिले तीन आठवडे असे काढा

"आणून चार दिवस झाले, घरातून तोंड बाहेर काढत नाही, हात घातला की किंचाळतो, काय करू?" आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांतून मला हा प्रश्न आलाय आणि तिन्ही वेळा मी एकच सांगितलं, की आत्ता काही करू नका, म्हणजे खरंच काहीच करू नका, हात बाहेर काढा, पिंजऱ्याच्या तीन बाजूंना एक जुनी कॉटनची ओढणी लावा आणि लांब जाऊन बसा. घाबरलेल्या हॅमस्टरला आपलं प्रेम नको असतं, त्याला आधी आपण नको असतो, आणि हे पटायला जड जातं कारण घरात पोरं असतात आणि त्यांनी आठवडाभर वाट बघितलेली असते.

आमच्याकडे तिळ्या संक्रांतीच्या दिवशी आला, रंग अगदी भाजलेल्या तिळासारखा म्हणून हे नाव. त्या संध्याकाळी मजल्यावरची सहा मुलं बघायला आली, कोणी पिंजऱ्यावर टकटक केली, कोणी फोनचा फ्लॅश मारला, आणि तो कोपऱ्यात एक पुढचा पाय वर उचलून तसाच थिजून बसला, मिशासुद्धा हलत नव्हत्या. मुलगी म्हणाली, "आई, तो मेला का गं?" आणि बघायला म्हणून तिने वरून हात घातला, तो उताणा पडून असा काही ओरडला की एवढ्याशा जिवातून तो आवाज येतोय हे खरं वाटेना, आणि मग कचकन चावला. रक्त आलं, ती रडली, तो दोन दिवस जेवला नाही. चूक पूर्ण आमची होती, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

आधी तो का घाबरतो ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप पटेल. पेट शॉपमध्ये मिळणारा मोठा सोनेरी हॅमस्टर म्हणजे सीरियन. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतातलं एक खोल बीळ खणायला लावून एक मादी आणि तिची पिल्लं काढली, आणि आज जगभर घराघरांत असलेले बहुतेक सगळे सीरियन हॅमस्टर त्याच पिल्लांचा वंश आहेत. म्हणजे हा मुळात बिळात एकटा राहणारा, अंधारात बाहेर पडणारा प्राणी. त्याला लांबचं नीट दिसत नाही, सगळा भरवसा नाकावर आणि कानावर. वरून काहीतरी मोठं आलं की त्याच्यासाठी ती घार, मग तो हात कितीही मायेचा असू दे. शिवाय दुकानातून घरी येताना त्याचा ओळखीचा एकूणएक वास एका तासात नाहीसा झालेला असतो.

आणायच्या आधी

पिंजरा आधी तयार हवा, तो आल्यावर मांडामांड नको. दुकानात मिळणारे रंगीत दोन मजली जाळीचे पिंजरे बहुतेक फार लहान असतात, त्यापेक्षा मोठा सपाट पिंजरा किंवा रुंद प्लॅस्टिकचा स्टोरेज बॉक्स घेऊन झाकणाला मोठी चौकोनी खिडकी कापून बारीक तारेची जाळी बसवा, १०० बाय ५० सेंटिमीटर जागा मिळाली तर उत्तम. आत कागदाचं किंवा ॲस्पेनच्या लाकडाचं बेडिंग, म्हणजे खाली अंथरायचा भुगा, आणि ते नुसतं शिंपडायचं नाही, निदान १५ ते २० सेंटिमीटर थर द्यायचा कारण घाबरलेला हॅमस्टर आधी खड्डा करतो, खणायला मिळालं की अर्धी भीती तिथेच जाते. पाइन आणि देवदारचा भुसा नको, त्याच्या वासाने श्वासाचा त्रास होतो. कापूस तर अजिबात नको, पायाला गुंडाळला जातो आणि पोटात गेला तर अडकतो. घरटं करायला बिनवासाचा साधा टिश्यू फाडून द्या.

लपायला निदान दोन जागा हव्यात. लहान जातीच्या ड्वार्फ हॅमस्टरला कडा घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी चालते, संक्रांतीचं सुगडही चालेल पण तोंड पुरेसं रुंद असेल तरच, कारण गालाच्या पिशव्या भरून आत शिरताना तो अडकू शकतो. सीरियनला भोक ७ सेंटिमीटरच्या आसपास तरी लागतं, त्याच्यासाठी पुठ्ठ्याचा खोका सोपा. चाक बंद पृष्ठभागाचं घ्या, दांड्यांचं नको, पाय अडकतो, आणि धावताना पाठ वाकता कामा नये म्हणजे सीरियनला साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचं आणि ड्वार्फला २० सेंटिमीटरचं.

पिंजरा कुठे ठेवता यावर फार अवलंबून आहे. टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन यांच्यापासून लांब, आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजसुद्धा त्याला ऐकू येतात. जमिनीवर नको, टेबलाच्या उंचीवर बरा, नाहीतर आपण सतत डोंगरासारखे वरून दिसतो. बाल्कनीत तर नकोच, ऊन, कावळे, मांजर, सगळंच तिथे. देवघराच्या खोलीत ठेवणार असाल तर धूप-उदबत्ती दुसरीकडे लावा, माझ्या सासूबाईंनी हे एकदा सांगितल्यावर लगेच मान्य केलं. मच्छर कॉइल, लिक्विडचं मशीन, रूम फ्रेशनर, फिनाइल हेही लांब. मुंग्या आल्या तर खडू ओढू नका, ते विष असतं, टेबलाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा.

आणि दुकानदार "एकटा कंटाळेल, जोडी न्या" म्हणाला तरी सीरियनची जोडी घेऊ नका. वयात आले की ते एकमेकांना जीव जाईपर्यंत मारतात, त्याच्यासाठी दुसरा हॅमस्टर म्हणजे सोबत नाही, दहशत.

घरी आणताना आणि पहिले दोन दिवस

दुकानातून त्याचं जुनं बेडिंग मूठभर मागून घ्या, मागितलं तर देतात, आणि ते नव्या पिंजऱ्यात त्याच्या घराजवळ टाका. खाणंही आधीचंच काही दिवस द्या. खोका मांडीवर धरून आणा, गर्दीच्या वेळची लोकल टाळा, आणि उन्हाळा असेल तर सकाळी लवकर किंवा रात्री. घरी आल्यावर हाताने काढून ठेवू नका, खोकाच उघडून पिंजऱ्यात ठेवा, तो पाच मिनिटांनी बाहेर येईल किंवा दोन तासांनी येईल, येऊ दे.

मग ४८ तास फक्त खाणं आणि पाणी. सीरियनला दिवसाला साधारण एक मोठा चमचा दाण्यांचं मिक्स पुरतं, ड्वार्फला एक छोटा चमचा. पाण्याच्या बाटलीच्या नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून पाणी येतंय का ते बघा, आणि पहिले काही दिवस एका उथळ वाटीतही पाणी ठेवा कारण दुकानात त्याला बाटलीची सवय असेलच असं नाही. दिवसा झोपला असेल तर उठवायचं नाही, जिवंत आहे का बघायला घर उचलायचं नाही. बघायचंच असेल तर रात्री दाणे मोजून ठेवा आणि सकाळी परत मोजा, आम्ही सूर्यफुलाच्या पाच बिया ठेवल्या होत्या, तिसऱ्या सकाळी एकही नव्हती आणि खालच्या बेडिंगमध्ये टरफलं सापडली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. त्याने लपवलेला साठा काढून फेकू नका, ओलं काही सडत असेल तेवढंच उचला.

पिंजरा पहिले दोन आठवडे पूर्ण साफ करू नका. ही गोष्ट भल्याभल्यांना पटत नाही, पण त्याने स्वतःचा वास लावून ती जागा आपलीशी केलेली असते आणि आपण सगळं धुऊन टाकलं की तो परत परक्या घरात. लघवीचा कोपरा तेवढा रोज चमच्याने काढा, नंतरही मोठी सफाई करताना थोडं जुनं कोरडं बेडिंग परत घाला. पावसाळ्यात मात्र आपल्याकडे बेडिंग दमट होऊन बुरशी धरते, तेव्हा ओलसर भाग लगेच बदला.

ही भीती नाही, आजार आहे

थिजणं, पळणं, दात कटकट वाजवणं, लपून बसणं ही भीती. पण शेपटीजवळ ओलं दिसलं, घाण वासाची पातळ शी, अंग आखडून गप्प बसलाय, खात नाही, तर त्याला वेट टेल म्हणतात, जागा बदलल्याच्या ताणाने लहान पिल्लांना जास्त होतो आणि दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. घरगुती औषध नको, त्याच दिवशी डॉक्टर. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, बरेच क्लिनिक फक्त कुत्री-मांजरं बघतात म्हणून आणायच्या आधीच फोन करून "हॅमस्टर बघता का" असं स्पष्ट विचारून एक नंबर सेव्ह करून ठेवा, रात्री साडेदहाला शोधत बसायची वेळ येऊ नये.

दुसरं ऊन. १८ ते २४ डिग्री त्यांना मानवतं आणि आपल्याकडे मार्चपासून घरातच तिशी पार होते. आडवा पसरून सुस्त पडलाय, तोंडातून लाळ येतेय तर तो आराम करत नाहीये, गार खोलीत हलवा, ओल्या फडक्याने हलकं पुसा, बर्फाचं पाणी वापरू नका, आणि डॉक्टरांना फोन करा. रोजच्यासाठी आत एक फरशीचा तुकडा ठेवा आणि गोठवलेली पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर एका बाजूला टेकवा. एसीचा थेट झोत नको.

कधी कधी मादी दुकानातूनच गाभण येते, सीरियनचे दिवस १६ ते १८ असतात. सकाळी गुलाबी पिल्लं दिसली तर हात लावू नका, डोकावूही नका, घाबरलेली आई पिल्लं मारते. शांतता, जास्तीचं खाणं, बास.

तिसऱ्या दिवसापासून

आता ओळख. रोज एकच वेळ ठरवा, आमची रात्री साडेनऊची होती, मोठा दिवा बंद, एक मंद दिवा चालू. पिंजऱ्याशेजारी बसा आणि हळू आवाजात काहीही बोला, माझी मुलगी दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ मोठ्याने वाचायची. हात घालायचा नाही. आपल्या हातात रात्रभर ठेवलेला टिश्यूचा तुकडा आत टाका, तो आपला वास स्वतः ओढत घरट्यात नेईल. तिळ्याने तो तुकडा आधी लांबून हुंगला, पळाला, परत आला, आणि मग दोन्ही पंजांनी गालात कोंबून घेऊन गेला, गाल एवढा फुगला की डोळा बारीक झाला.

आठवड्याभराने बिनवासाच्या साबणाने हात धुऊन (मच्छी नाहीतर भजीचा वास असेल तर तो बोट नाही, खाऊ समजून चावतो) तळहात वर करून आत बेडिंगवर ठेवा आणि नुसता ठेवा. तो हुंगेल, हळूच दाताने चाचपेल, तेव्हा झटकन ओढू नका. मग दोन-तीन दिवसांनी तळहातावर भोपळ्याची बी ठेवा. आधी तो मान लांब करून बी घेऊन पळतो, मग पुढचे दोन पाय हातावर, मग चारही, आणि एखाद्या दिवशी तिथेच बसून खायला लागतो. खाऊत काकडी, ब्रोकोली, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, भिजवलेली बाजरी थोडी थोडी चालते. कांदा, लसूण, संत्रं-मोसंबी, चॉकलेट, कच्चा राजमा नाही. ड्वार्फला गोड फळं नकोत, त्यांना मधुमेह पटकन होतो.

चावलाच तर तोंडावर फुंकर मारू नका, टपली तर नाहीच, हात सावकाश खाली टेकवा आणि तो सुटला की बाहेर काढा, जखम साबणाने धुवा, खोल असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जाऊन परत सुरू करा. तुमच्यासमोर बसून तोंड धुतलं, अंग ताणून जांभई दिली, की समजा त्याला वाटणारी तुमची भीती गेली.

उचलणं

हे बहुतेकांचं तिसऱ्या आठवड्यात जमतं, काहींना दोन महिने लागतात आणि रोबोरोव्हस्की या छोट्या जातीचे हॅमस्टर तर आयुष्यभर हातात फारसे रमत नाहीत, त्यांना बघण्यातच आनंद माना. घाबरट असेल तर आधी चहाचा मग आडवा करून किंवा पुठ्ठ्याची नळी आत ठेवा, तो स्वतः शिरला की मगाचं तोंड किंवा नळीची दोन्ही तोंडं हाताने झाकून उचला. हातात घ्यायचं तर समोरून, दोन्ही हातांची ओंजळ करून खालून, आणि नेहमी जमिनीवर बसून, कारण उभ्याने हातातून उडी मारली की हाड मोडतं.

बाहेर फिरवायला बाथरूमची फरशी बरी वाटते पण नहाणीची जाळी निसटलेली असली की तो गेलाच, आणि कपाटामागची फटही तशीच. आम्ही फ्रिजचा मोठा खोका एका बाजूने कापून जमिनीवर आडवा केला आणि मुलगी आत मांडी घालून बसली, बियांची वाटी शेजारी. पहिल्या रात्री तो कडेकडेने चार फेऱ्या मारून नळीत शिरला, तेवढंच, दहा मिनिटांत परत पिंजऱ्यात. पाचव्या रात्री तिच्या पायजम्यावरून चढून गुडघ्यावर बसला, गाल रिकामे केले, सहा बिया तिथे ओळीने टाकल्या आणि एक उचलून खायला लागला, आणि ती श्वास रोखून माझ्याकडे बघत होती.