समुद्रकाठच्या गाडीचे इनटेक मॅनिफोल्ड आणि पॅकिंग घरी बदलताना

सकाळी गाडी सुरू केल्यावर आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल, वरखाली होत असेल आणि बॉनेट उघडताच हवा ओढल्यासारखा बारीक फुसफुस आवाज येत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डचे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचे) पॅकिंग, म्हणजेच गॅस्केट, गेल्याची शक्यता मोठी असते. पेट्रोल इंजिनाला वजनाने साधारण 14.7 भाग हवेला एक भाग इंधन लागते. फटीतून जादा हवा शिरली की हा मेळ बिघडतो. खात्रीसाठी इंजिन गार असताना ते सुरू करून जोडावर साबणाचे पाणी थोडे थोडे फवारावे, मात्र वायरिंगचे सॉकेट भिजू देऊ नयेत. एखाद्या जागी फवारताच इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे.

कामाची खरी सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. मालवण, देवगड किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, अक्षरशः चिकटून बसतात आणि बोल्टच्या टोपीभोवती पिठासारखी पांढरी भुकटी दिसते. ती दिसली की गंज सोडवणारे तेल प्रत्येक बोल्टच्या मुळाशी सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी पाना लावून बोल्ट पाव फेरा सैल करावा, पुन्हा थोडा आवळावा आणि मग आणखी सैल करावा. एकदा मी घाई करून जोर लावला आणि बोल्टची मान तुटून उरलेला तुकडा हेडमध्येच राहिला. तो ड्रिल करून काढण्यात आणि नवे आटे पाडण्यात दोन दिवस गेले. म्हणून या एका पायरीला कितीही वेळ लागला तरी तो द्यावा, असे मी कळकळीने सांगतो.

गार इंजिनात इंधन पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू करावी आणि ती आपोआप बंद पडू द्यावी, म्हणजे पाइपातील दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची ऋण वायर सोडवावी. इंजिन पुन्हा पूर्ण गार झाल्यावर पाइप आणि सॉकेट सोडवण्यापूर्वी फोटो काढून प्रत्येकाला चिकटपट्टीने क्रमांक द्यावा. थ्रॉटल बॉडीतून (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागातून) किंवा मॅनिफोल्डमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, जात असेल, तर ते आधी काढून घ्यावे.

मॅनिफोल्ड उचलताच हेडची उघडी तोंडे स्वच्छ फडक्यांनी बंद करावीत आणि फडकी मोजून ठेवावीत, कारण आत राहिलेले एक फडके किंवा पडलेला वायसर इंजिनाचे वाटोळे करू शकतो. जांभ्या दगडाची लाल धूळ वाऱ्याने उडते, तेव्हा हे काम उघड्या खळ्यात न करता शेडमध्ये करणेच बरे. जुने पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. पॉलिश पेपरचे कण आत जातात, म्हणून तो टाळावा. मग मॅनिफोल्डच्या हेडवर बसणाऱ्या बाजूवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) वाकडेपणा तपासावा. तो सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेबाहेर असेल, तर नवे पॅकिंग टिकणार नाही आणि मॅनिफोल्डच बदलावे लागेल.

रबराचे पॅकिंग खाचेत कोरडेच बसवावे. मॅन्युअलमध्ये सांगितले नसेल तर सिलिकॉन लावू नये, कारण दाबले गेलेले जास्तीचे सिलिकॉन आत सुटते. इंजेक्टरचे (इंधन फवारणाऱ्या तोट्यांचे) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, नवे घालून त्यांना इंजिन ऑइलचे बोट लावावे. सर्व बोल्ट आधी हातानेच आट्यात बसवावेत, मग टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) मधल्यापासून बाहेरच्या दिशेने तीन टप्प्यांत आवळावेत. 6 मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा 10 न्यूटन मीटरच्या आसपास जोर पुरतो, पण अंतिम शब्द मॅन्युअलचा. गंजाच्या भीतीने आट्यांना ग्रीस फासू नये. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो.

शेवटी कूलंट काढले असेल तर ते भरून, फ्यूज आणि बॅटरी जोडून, चावी दोन-तीनदा फक्त ऑन करून पेट्रोल कुठे गळत नाही ना हे पाहावे आणि मगच इंजिन सुरू करावे. आयडलिंग स्थिर झाल्यावर जोडावर पुन्हा साबणाचे पाणी फवारावे, आणि कूलंट काढले असेल तर दुसऱ्या दिवशी गार इंजिनात त्याची पातळी तपासून लागेल तेवढी भर घालावी.